तीन लेट मार्कांचे 300 रुपये कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तीन लेट मार्क = अर्धा दिवस’ ही टाइम ऑफिसबाहेरची (हजेरी कचेरीबाहेरची) पाटी वडोदऱ्याच्या मकरपुरा-गोरवा या कारखान्यांच्या भागातल्या कामगारांना नवी नाही. तिचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

रोजची हजेरी 600 रुपये आणि काम आठ तास, म्हणजे मिनिटाला सव्वा रुपया. तीन दिवस बारा-बारा मिनिटे उशीर झाला तर 36 मिनिटांचे 45 रुपये होतात. कापले जातात अर्ध्या दिवसाचे 300. गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच हवी, असे 1936 चा वेतन अदायगी कायदा सांगत असे आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे. मग वरचे 255 रुपये हा दंडच झाला. दंड कशाकशाला, याची यादी आधी मंजूर करून लावावी लागते, कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते, दंडाची नोंद ठेवून रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करावी लागते. शिवाय वेतनाच्या 3 टक्क्यांची मर्यादा आहेच. 26 हजेऱ्यांच्या 15,600 वर ती 468 रुपये. सहा लेट मार्कांत हा छुपा दंड 510 वर जातो.

उशीर नेमका कोणाचा, हेही पाहावे. 120 माणसे, बोटाच्या ठशावर हजेरीचा ‘पंच’ नोंदवणारे एकच मशीन, प्रत्येकी पाच सेकंद: रांगच दहा मिनिटांची. 7:55 ला फाटकात शिरलेल्या शेवटच्या माणसाचा पंच 8:05 ला पडतो. त्यात लेथवरच्या माणसाची बोटे कूलंटने (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाने) आणि धातूच्या किसाने झिजलेली. तीनदा दाबूनही मशीन ओळखत नाही. दोन्ही हातांची दोन-दोन बोटे नोंदवली आणि शेजारी दुसरे मशीन लावले, तर निम्मी भांडणे मिटतील. मशीनचे घड्याळ दिवसाला दीड-पावणेदोन सेकंद सरकले तरी वर्षात दहा मिनिटांचा फरक पडतो. नेटला जोडलेले नसेल तर दर सोमवारी ते मोबाइलशी ताडून पाहावे, एवढे साधे काम आहे.

रात्रपाळीत वेगळाच घोटाळा. 11 चा ‘इन’ एका तारखेला, सकाळी 7 चा ‘आउट’ दुसऱ्या. सॉफ्टवेअरमध्ये पाळी नीट भरली नसेल तर रात्रभर राबलेला माणूस दोन्ही दिवस ‘सिंगल पंच’, म्हणजे एकच नोंद असलेला, दिसतो.

सुटताना तर अर्ध्या तासाच्या आतला जादा वेळ सरळ शून्य! आठवड्याचे 48 तास भरल्यावरची 25 मिनिटे दुप्पट दराने 62 रुपये 50 पैसे होतात. येताना मिनिट मोजता, मग जाताना का नाही?

कायम उशिरा येणाऱ्याची बाजू कोणी घेणार नाही. नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, ही सवय गैरवर्तणूकच आहे. त्याला नोटीस द्या, चौकशी करा. पण बाकीच्यांसाठी पंचांची यादी 2 तारखेलाच नोटीस बोर्डावर लावा. पगार 7 च्या आत होतो, त्यामुळे चूक दुरुस्त करायला चार दिवस हाताशी राहतात.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा