जटायू म्हातारा होता, तेवढं राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला केरळमधल्या जटायूच्या शिल्पावरचा लेख वाचला. लांबी 200 फूट, रुंदी 150, उंची 70, पक्ष्याचं जगातलं सर्वांत मोठं शिल्प, शिल्पकार राजीव आंचल, 2018 मध्ये लोकांसाठी खुलं. सगळं बरोबर. पण एवढा मोठा पक्षी उताणा का पडलाय आणि त्याचा पंख कुठे गेला, हे 'रावणाशी झालेल्या झटापटीत जखमी' एवढ्या चार शब्दांत उरकलंय. जागा वाचली ती चौकटीला दिली. चौकटीत सल्ला : 'ज्येष्ठांनी वर जाण्याचा हट्ट धरू नये, पायथ्याशी थांबूनही शिल्पाचा आनंद घेता येतो.'

घेता येत नाही. मी पायथ्याशी थांबवला गेलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. पायथ्याच्या चडयमंगलमला बस थांबली, की वर खडकाच्या माथ्यावर काहीतरी करडं दिसतं. ते पक्षी आहे असं कुणीतरी सांगावं लागतं. आम्ही ठाण्याहून एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो (नाव लिहीत नाही, तुमच्याकडे त्यांच्या जाहिराती असतात). कार्यक्रमपत्रिकेत 'जटायू दर्शन' असं ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात रोपवेची रांग पाहिल्यावर सहलीबरोबरचा मुलगा बसमध्ये चढला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाला, "काकू, तुम्ही आणि काका इथेच बसा ना. वर ऊन फार आहे. मी चहा सांगतो." तरुण मंडळी उतरली. मागे राहिलो आम्ही, एक गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाई आणि सगळ्यांच्या पिशव्या. चहा शेवटपर्यंत आला नाही, तो भाग वेगळा.

आमच्या सौ.ना हे मानवलं नाही. तिने पर्स उचलली, "तुझा चहा तूच पी" असं त्या मुलाला ऐकवलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मागोमाग मी. गुडघेवाल्या बाईही आल्या, हे विशेष. रोपवेत बसायला गुडघा लागतो कुठे? वर पोचल्यावर आधी दिसले ते पंजे. आभाळाकडे उचललेले, नखं वळलेली, पडलाय तरी सोडलेलं नाही असे. एक पंख पार खडकाच्या कडेपर्यंत पसरलेला, पिसांच्या ओळी कोरलेल्या. बाई त्या पंज्यांकडे बघत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि हा मला खाली बसवत होता!"

आता मूळ मुद्दा. वाल्मीकींच्या अरण्यकांडात जटायू स्वतःच रावणाला सांगतो की मला जन्मून साठ हजार वर्षं झाली, मी म्हातारा, तू तरुण, तुझ्याकडे धनुष्य, कवच, रथ. तरीही सीतेला घेऊन तू सुखरूप जाणार नाहीस. झोपलेला होता, तिची हाक ऐकून उठला. दशरथाचा मित्र, म्हणजे आमच्याच पिढीतला म्हणा. त्याने रावणाचं धनुष्य मोडलं, रथ मोडला, सारथी मारला. पंख छाटले गेले ते त्यानंतर. तुमचे लेखक रावणाच्या जागी असते तर जटायूला म्हणाले असते, "आजोबा, हट्ट धरू नका, झाडावरूनच आनंद घ्या."

दुसरं. जटायू पडला तो 'याच खडकावर', असं लेखात ठामपणे म्हटलंय. केरळच्या लोकांची तशी श्रद्धा आहे, असू द्या. आंध्रात लेपाक्षीचे लोकही तेच म्हणतात. पण ठाण्यात खपणाऱ्या मराठी पेपराला टाकेद आठवू नये? आग्रा रोडने कसारा घाट चढा, घोटीहून आत वळा, इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद. जखमी जटायूसाठी रामाने बाण मारून सगळ्या तीर्थांचं पाणी एका जागी आणलं, ते कुंड तिथे आहे. महाशिवरात्रीला जत्रा भरते. ठाण्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं, विमान नको, रोपवे नको आणि चहाही मिळतो. पण तिथे 200 फूट लांब काही नाही, त्यामुळे पुरवणीत जागा नसावी.

आणि जाता जाता : फोटोंखालच्या ओळी पांढऱ्या आभाळावर पांढऱ्या अक्षरांत छापण्याची कल्पना कुणाची? भिंग घेऊनही वाचता आल्या नाहीत. याबद्दल पूर्वी लिहिलं होतं, ते पत्र छापून आलं नाही. हे छापलंत आणि सोबत टाकेदचा उल्लेख व त्या चौकटीचा खुलासाही देणार असलात, तर कृपया काळ्या शाईत द्यावा.

कळावे, लोभ असावा.

एक जुना वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)