मागच्या दाराने जाऊ द्या की!

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ‘जीटीए ६’ या व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला. मॅप केवढा, पाणी किती खरं दिसतं, गेम दोनदा लांबणीवर का पडला, सगळं होतं. मिशन, म्हणजे गेममध्ये दिलेली कामगिरी, खेळायचं कसं, यावर मात्र एक ओळ नाही. आमचं घोडं नेमकं तिथंच पेंड खातंय.

मी यंत्रमागांची वायरिंग करतो, वय ३९. बारावीत असताना बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून २००१ सालचा ‘जीटीए ३’ खेळायचो. त्यात साल्वातोरे नावाचा डॉन क्लबमधून निघून बंगल्यावर पोचायच्या आत त्याला उडवायचं असतं. एवढंच सांगतात, बाकी तुमचं तुम्ही बघा. मी दोन तास त्याच्या गाडीमागे धावलो आणि चाळीस रुपये घालवले. शेजारच्या पोराने काय केलं? डॉन बाहेर पडायला थोडा वेळ असतो, तेवढ्यात इकडून तिकडून गाड्या पळवून आणल्या आणि गल्लीच्या तोंडाशी आडव्या लावल्या. डॉन अडकला! कॅफेवाला मालकसुद्धा काउंटर सोडून बघायला आला होता.

आता २०१८चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ घ्या. गेम देखणा, वाद नाही. १८९९ची अमेरिका, आपण आर्थर नावाचा दरोडेखोर, त्याची दाढी दिवसागणिक वाढते, घोड्याला खरारा करावा लागतो, मारलेलं हरीण उशिरा विकायला नेलं तर सडतं. मिशन नसताना तोंडाला फडकं बांधून चालती रेल्वे लुटा, कोणी अडवत नाही. पण मिशन सुरू झालं की शाळेची सहल! ओड्रिस्कॉल या शत्रूच्या टोळीवर एकदा मागच्या झाडीतून वळसा घालून जावं म्हटलं, तर लाल अक्षरांत पाटी, साथीदारांना सोडलंत, मिशन फेल. अहो, सोडलं कुठं, त्यांच्याच मदतीला निघालो होतो. दरोडेखोराला रानात मोकळीक आणि दरोड्यात मात्र नकाशावरच्या पिवळ्या रेघेवरून चाल!

बांधून दिलेलं सगळंच वाईट, असं मी म्हणत नाही. व्हॅलेंटाइन गावातल्या दारूच्या गुत्त्यात आर्थर आणि त्याचा साथीदार लेनी पितात, ते मिशन सगळं ठरवूनच दिलंय, आणि मी ते तीनदा खेळलोय. तिथं गोष्ट सांगायचीय, सांगू द्या. बंदूक माझ्या हातात दिलीत की मग अक्कलही माझीच चालू द्या.

आणि हे जमत नाही असंही नाही. पुण्याच्या भाच्याकडे २०१७चा झेल्डा गेम बघितला, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. सुरुवातीचं पठार उतरलं की थेट शेवटच्या राक्षसाच्या किल्ल्यात घुसता येतं. भाचा घुसला आणि लगेच मेला, पण पाटी दाखवून कोणी परत पाठवलं नाही. तिथं विजा कडाडताना लोखंडी तलवार अंगावर असली तर वीज आपल्यावर पडते. पठ्ठ्याने ती तलवार शत्रूच्या पायाशी टाकली आणि लांब पळाला. पुढचं काम विजेने केलं.

तेव्हा नवीन जीटीएचं परीक्षण छापाल, तेव्हा मॅप किती मोठा ते नंतर सांगा. मिशन चालू असताना मागच्या दाराने जाता येतं का, तेवढं आधी सांगा. पैसे साठवायला घेतलेत, म्हणून विचारतोय.

– एक वाचक, इचलकरंजी