आमच्या वर्षपत्रातून 'कुशल' हा शब्द का गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर संपत आला की आपल्या अंकात सरत्या वर्षाचा आढावा येतो. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. असाच आढावा घराघराने लिहून आपल्या माणसांना पाठवावा, आणि त्यात वाईट वर्षही लपवू नये, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आमच्या घरात ही रीत १९७४च्या दिवाळीपासून आहे. मी १९७९ साली लग्न होऊन ठाण्याच्या नौपाड्यात आले, तेव्हा पाचवं पत्र होऊन गेलं होतं. गेल्या दिवाळीत बावन्नावं गेलं.

सुरुवात सासऱ्यांनी केली. घरात त्यांना सगळे दादा म्हणत. नात्यातली माणसं देवरुखपासून सांगलीपर्यंत आणि डोंबिवलीपासून नागपूरपर्यंत पांगली होती. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायचं तर दिवाळीची सुट्टी पुरत नसे. म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून एक मराठी टाइपरायटर आणला आणि कार्बन घालून एका वेळी पाच प्रती काढू लागले. पाचवी प्रत अगदी फिकट येई. ती सर्वात जवळच्या घरी, म्हणजे चरईतल्या काकांकडे जायची. दादा म्हणत, त्यांना नाही लागलं तर ते येऊन विचारतील. लांबच्याला पहिली प्रत. पुढे स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल, मग गोखले रोडवर झेरॉक्स, आणि आता मुलगा संगणकावर जुळवून देतो. पहिल्या वर्षी अकरा घरं होती, आता चौतीस आहेत.

पत्त्यांची वही अजून दादांचीच आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्यामुळे वहीत त्यासाठी रकाना आहे, पण सुरुवातीच्या पानांवर तो बराचसा कोराच. पिनकोड आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले आणि संस्कृतचे पंडित, याचा दादांना फार अभिमान. प्रत्येक घराचे सहा आकडे विचारून विचारून त्यांनी तो रकाना भरत आणला.

पत्रात काय असायचं? सुरुवातीच्या एका पत्रात ठाण्याचं नाट्यगृह, गडकरी रंगायतन, उघडल्याची ओळ आहे. १९८२च्या पत्रात आहे, "१ ऑक्टोबरपासून आपण महानगरपालिकेत राहतो, नळाला पाणी मात्र पूर्वीच्याच वेळेला येते." कोण दहावी पास झालं, कुणाचं बारसं झालं, कुणी काय नवं शिकलं. दादा नावांच्या आधी चि., ती., सौ. सगळं नीट घालायचे आणि शेवटी "इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे" लिहायचे. माझ्या माहेरीही पत्राचा शेवट असाच व्हायचा. त्यात चुकीचं काही आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

१९८७च्या जुलैत ह्यांच्या कारखान्याला टाळं लागलं. वागळे इस्टेटमधला कारखाना. राज्याच्या औद्योगिक महामंडळाची पहिली वसाहत तीच, आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची चूल तिथल्या भोंग्यावर पेटायची. मुलगा तेव्हा दुसरीत होता, मुलगी बालवाडीत. दिवाळी आली. दादा टाइपरायटरवर बसले आणि म्हणाले, खरं ते लिहू. ह्यांनी ऐकलं नाही. "आठवडाभरात टाळं उघडेल, लोकांना कशाला?" मीसुद्धा ह्यांच्याच बाजूने बोलले. शेवटी पत्रात ओळ गेली, "कारखान्यात सध्या काम कमी आहे. बाकी सर्व कुशल."

टाळं उघडलं नाही. जानेवारीत मी हळदीकुंकू केलं, कारण न करावं तर लोक विचारणार. डोंबिवलीची चुलत नणंद आली. मी तिला हळदीकुंकू लावायला हात पुढे केला आणि तिने माझं मनगट धरलं. पाटल्या नव्हत्या. नोव्हेंबरातच मोडल्या होत्या. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिथे सगळं सांगावं लागलं. तिच्या यजमानांचं रबाळ्याला छोटं वर्कशॉप होतं. ती एकच वाक्य बोलली, ते मला आजही त्याच आवाजात ऐकू येतं. "वहिनी, डिसेंबरात आम्ही स्टोअरकीपर शोधत होतो गं. बाहेरचा माणूस ठेवला. पत्रात तर तू कुशल लिहिलं होतंस."

ह्यांना नोकरी लागली ती सप्टेंबर १९८८मध्ये, तुर्भ्याला, पगार आधीपेक्षा कमी. चौदा महिने घरात पगार आला नव्हता. त्यातले निदान आठ-नऊ महिने आम्ही एका ओळीपायी काढले. हा हिशेब मी अनेकदा केला आहे आणि तो दर वेळी तेवढाच येतो.

त्या दिवाळीचं पत्र दादांनी आधी ह्यांना वाचून दाखवलं, मग मला, आणि मग टाइप केलं. टाळेबंदी, पाटल्या, वाण्याची उधारी, शाळेची फी कुणी भरली, सगळं त्यात होतं. खाली कुशल हा शब्द नव्हता. त्यानंतर तो आमच्या पत्रात कधीच आला नाही.

उत्तरं इतकी आली की पोस्टमन दारातच म्हणाला, घरात कार्य आहे का? देवरुखच्या काकांनी एसटीच्या पार्सलने तांदूळ पाठवले. पण मला जास्त लक्षात राहिली ती बाकीची पत्रं. सांगलीच्या भाच्याने लिहिलं की त्याचंही दुकान बुडालंय आणि दोन वर्षं तो ते झाकून आहे. एका मावशींनी आपलं गर्भाशयाचं ऑपरेशन आमच्या पत्राच्या उत्तरात पहिल्यांदा कुणाला तरी कळवलं. तोवर आम्ही सगळे एकमेकांना दरवर्षी कुशल कळवत होतो.

मला यामागचं एक कारण आपल्या जुन्या रीतीत दिसतं. पूर्वी मृत्यूची बातमी कोपरा फाडलेल्या पोस्टकार्डावर यायची. पत्र हातात पडताच बाई ओरडायची, वाचायचीही गरज नसे. आणि वाचून झालं की ते कार्ड फाडून टाकायचे, अशुभ घरात ठेवायचं नाही म्हणून. शुभकार्याचं पत्र मात्र हळदीकुंकवाची बोटं लावून यायचं आणि ट्रंकेत जपलं जायचं. माझ्या आजेसासूबाईंच्या ट्रंकेत पत्रांचं एक गाठोडं निघालं, त्यात बारशी, मुंजी आणि लग्नं सोडून काहीही नव्हतं. त्यांची चार मुलं लहानपणी गेली होती. त्या चौघांची नावंसुद्धा आम्हाला कुठल्या कागदावर सापडली नाहीत. त्या रीतीमागचं दुःख मी समजू शकते. पण त्या चार मुलांची नावं कुठेतरी हवी होती.

लिहिलेलं उपयोगाला कसं येतं तेही सांगते. २०११ साली मुलाच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, घरात कुणाला पंचावन्नच्या आत हृदयाचा त्रास झालाय का? ह्यांना आठवेना. मी घरी येऊन पत्रांची फाइल काढली. १९९१च्या पत्रात मोठ्या दिरांचा झटका सापडला, वय एकोणपन्नास. १९९६मध्ये चुलत दिरांचा, वय बावन्न. फाइलच घेऊन गेले. डॉक्टरांनी लगेच पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आणि तेव्हापासून मुलगा औषधांवर व्यवस्थित आहे.

२६ जुलै २००५च्या पावसाबद्दल सगळीकडे सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा सांगतात. आमच्या पत्रात आहे की मुलगा विक्रोळीहून रुळांवरून चालत निघाला, भांडुपला एका अनोळखी घराने त्याला रात्रभर ठेवून घेतलं, कोरडा शर्ट दिला, आणि तो शर्ट आम्ही धुऊन, इस्त्री करून, डब्यात बेसनाचे लाडू घालून परत नेऊन दिला. त्या घराकडे आता दरवर्षी आमचं पत्र जातं.

आणि २०२१चं पत्र. अकरा पानांचं, आजवरचं सर्वात लांब. एप्रिल-मे महिन्यात नात्यातली पाच माणसं गेली. सांगलीच्या आत्याबाईंच्या दहाव्याला चारच माणसं होती. ज्या बाईच्या हातचं सगळ्या घराने खाल्लं, तिच्यासाठी एकत्र बसून रडणंही झालं नाही. म्हणून त्या वर्षी मी प्रत्येक घराला सांगितलं, गेलेल्या माणसाबद्दल तुम्हाला आठवेल ते लिहून पाठवा, कितीही वेडंवाकडं असो. कुणी आत्याबाईंच्या कटाच्या आमटीबद्दल लिहिलं, कुणी त्या नोटा चुरगळून नातवंडांच्या मुठीत कशा कोंबायच्या त्याबद्दल. मी एकही ओळ कापली नाही. ते पत्र हातात आल्यावर नागपूरच्या पुतण्याने फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

आता गेल्या दिवाळीचं. मुलाने आणि सुनेने वर्षाची दोन मिनिटांची चित्रफीत केली आणि व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना पाठवली. कासारवडवलीचं नवं घर, सिमल्याची सहल, नातीचं कथ्थकचं बक्षीस. सुंदर झाली होती, मीही चार वेळा पाहिली. शंभरावर अंगठे आणि बदाम आले. पण त्याच वर्षात मुलगा तीन महिने आजारी होता आणि सुनेने त्याच्यासाठी सहा महिने बिनपगारी रजा घेतली होती. त्यातलं काही त्या दोन मिनिटांत नव्हतं, आणि म्हणून कुणी तिला साधं विचारलंही नाही की, बाई, तू कशी आहेस?

मी तिला हे बोलले. ती म्हणाली, "आई, सगळंच सगळ्यांना कशाला? लोक विचारत बसतील." तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आजच्या काळात कागद फोनमध्ये शिरला की कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून आमचा एक नियम आहे, तो मी अगदी कडक पाळते. ज्याच्याबद्दल ओळ आहे त्याला ती आधी वाचून दाखवायची. तो नको म्हणाला तर काढायची, कारण विचारायचं नाही. एका भाचीने घटस्फोटाची ओळ काढायला लावली होती. पुढच्या वर्षी तिनेच स्वतःचा परिच्छेद लिहून पाठवला, माझ्या ओळीपेक्षा कितीतरी चांगला. मुलांच्या शाळांची नावं, जन्मतारखा, कुणाच्या पैशांच्या व्यवहारांचे तपशील आता आम्ही लिहीत नाही. आणि पत्र व्हॉट्सअॅपवर टाकत नाही. पाकिटातून जातं. परदेशातल्या तीन घरांना तेवढं ईमेलने.

सुनेने दोन दिवसांनी एक कागद आणून दिला. हाताने लिहिलेला, अर्धं पान. रजेचा अर्ज देताना हात कसा थरथरला, नवरा बरा झाल्यावर आधी हसू न येता झोप कशी आली, आणि त्याच्या आजारपणात शेजारच्या ताईंनी पोळ्या कशा पुरवल्या, ते तिने लिहिलं होतं. मी तो तसाच तिच्या अक्षरात झेरॉक्स करून पत्राला जोडला.

कागदाचा आग्रह का, असं नातू विचारतो. २००९ ते २०१३ची पाच पत्रं आम्ही फक्त ईमेलने पाठवली होती. मग संगणक बिघडला, खात्याचा पासवर्ड गेला, आणि आज त्यातली दोनच सापडतात, तीही एका आत्याने छापून घेतली होती म्हणून. दादांची १९७४ची कार्बन प्रत मात्र अजून वाचता येते. पोस्टकार्ड गेल्या दिवाळीत ५० पैशांनाच मिळालं. ज्यांना सहा पानं लिहिणं होत नाही त्यांनी एका कार्डावर वर्ष लिहावं. जागा पुरते, मी लिहून पाहिलं आहे.

आपल्याला विनंती अशी की, पुढच्या डिसेंबरात आढाव्याच्या शेजारी अर्धं पान वाचकांच्या घरांसाठी ठेवावं. नावं नकोत, गाव पुरे. त्या घराचं वर्ष कसं गेलं ते, जसं गेलं तसं. बक्षिसं आणि सहली आल्याच, पण टाळेबंदी, शस्त्रक्रिया, मोडलेलं लग्न आणि फेडलेलं कर्जही येऊ द्या.

हे पत्र पाठवण्याआधी ह्यांना, सुनेला, भाचीला आणि डोंबिवलीच्या नणंदेला फोनवर किंवा समोर बसून वाचून दाखवलं आहे. नणंद आता ऐंशीची आहे. तिने पाटल्यांचा भाग दोनदा वाचायला लावला.

गेल्या दिवाळीच्या पत्राला एकोणीस घरांची उत्तरं आली. त्यात खारघरच्या पुतण्याचं आहे. गणपतीपासून त्याला नोकरी नाही. घरी बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळी परततो, असं त्याने लिहिलं आहे. हिशेब खात्यात त्याचा पंधरा वर्षांचा अनुभव आहे. त्याला विचारून मी त्याचं पत्र चौतीस घरांना कळवलं. तुर्भे आणि महापे इथून दोघांनी त्याला बोलावून घेतलं. अजून काम झालेलं नाही. पण आता तो डबा घेऊन निघतो तो आमच्याकडे नौपाड्याला येतो, इथे बसून अर्ज लिहितो, आणि दुपारी आम्ही तिघं एकत्र जेवतो.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे
(नाव छापू नये. पत्रातली माणसं माझ्या एकटीची नाहीत.)