चहाचा हिशोब किलोवर नको, कपावर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात चहा पावडर महागल्याची बातमी वाचली आणि त्यावरून आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर दोन दिवस नुसती तीच चर्चा, बहुतेकांचं म्हणणं एकच की आता जरा स्वस्तातली पावडर बघायला पाहिजे, एकजण म्हणाले मॉलमध्ये दोन किलोच्या पॅकवर ऑफर आहे ती सगळ्यांनी मिळून घेऊन टाकू. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं. कारण आपल्या दुधाच्या चहात पावडरीचा खर्च एक-सव्वा रुपयाच्या वर जात नाही आणि आपण काटकसर करायला निघतो ती नेमकी तिथेच. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

मी बँकेत होतो, मूळचा पुण्याचाच, पण १९९८ ते २००१ अशी तीन वर्षं सिलिगुडीला बदली झाली होती. तिथे १९७६ पासून चहाचे लिलाव होतात, आमच्या ब्रँचला चहाच्या ब्रोकरांची आणि छोट्या बागायतदारांची खाती होती, त्यामुळे माझ्या काउंटरवर दिवसभर चहाचंच बोलणं चालायचं. एका ओळखीच्या माणसाने मला एकदा त्यांच्या टेस्टिंग रूममध्ये नेलं. लांबच्या लांब टेबल, त्यावर पांढऱ्या कपांच्या रांगा, प्रत्येकाच्या मागे त्या त्या लॉटची कोरडी पावडर आणि उमललेली ओली पानं, आणि टेस्टर चमच्याने सुर्रर्र करून चहा ओढणार, तोंडात फिरवणार, थुंकणार, की पुढचा कप. एका कपाला काही सेकंद. सीटीसी, म्हणजे आपली नेहमीची दाणेदार पावडर, असेल तर तिथेही दूध घालून चाखत होते, म्हणजे दुधाचा चहा हे काही खालच्या दर्जाचं पिणं असं त्या जाणकारांनाही वाटत नव्हतं, हे मुद्दाम सांगतो कारण हल्ली दूध-साखरेचा चहा पिणाऱ्याला अडाणी ठरवायची एक पद्धत पडलीये, ती मला अजिबात पटत नाही.

आता हिशोब. आमच्या घरी मी आणि आमच्या सौ., सकाळ-संध्याकाळ मिळून चार कप. एका कपाला सपाट चमचाभर म्हणजे साधारण अडीच ग्रॅम पावडर लागते, मी वजनकाट्यावर मोजून बघितलंय. आमच्या नेहमीच्या टी डेपोतलं सुटं मिक्श्चर, जाड दाण्याची ममरी आणि बारीक पावडर अर्धं अर्धं, ४८० रुपये किलोने मिळतं, म्हणजे कपाला १ रुपया २० पैसे. त्यात गाईचं दूध ६० मिली, साठ रुपये लिटर धरलं तर ३ रुपये ६० पैसे. साखर दोन चमचे, चाळीस-पंचेचाळीस पैसे. एक वेलदोडा टाकला तर त्याचेच पन्नास-साठ पैसे. गॅस वेगळा. म्हणजे पावणेसहा-सहा रुपयांच्या कपात ज्याच्या नावाने आपण तो कप पितो त्या चहाचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि दुधाचा निम्म्याहून जास्त!

हीच पावडर ७२० रुपये किलोची घेतली तर कपाला साठ पैसे वाढतात. आम्हा दोघांना महिन्याला ३०० ग्रॅम लागते, म्हणजे महिन्याचे बहात्तर रुपये जास्त. बाहेर टपरीवर कटिंग दहा रुपयाला झालंय आणि त्या नव्या चकचकीत चहाच्या दुकानांत वीस रुपये देताना कोणी मागेपुढे बघत नाही, मग घरच्या रोजच्या चार कपांसाठी बहात्तर रुपये जड का व्हावेत.

अर्थात महाग म्हणजे चांगला असंही नाही, आणि हे मी नुसतं बोलत नाहीये, करून बघितलंय. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा-सून आले होते तेव्हा सौ.ने चार पातेल्यांत चार पावडरींचा चहा केला, दूध-साखर अगदी मोजून सारखी, आलं-वेलची काही नाही, आणि कुठला कुठला ते आम्हा तिघांना सांगितलं नाही. ३२० रुपयेवाला, ४८० वाला, ७२० वाला, आणि एक मुलाने आणलेला १६०० रुपये किलोचा मोठ्या पानांचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे दाणे न करता पान नुसतं वळून केलेला. ३२० वाला तिघांनीही लगेच ओळखला, रंग येतो पण घोट गेल्यावर तोंडात काही राहतच नाही. ४८० आणि ७२० मध्ये फरक होता, ७२० वाल्याला जास्त कस आणि मागे एक गोडसर अशी चव. आणि सगळ्यांत नावडता कुठला ठरला तर तो सोळाशेवाला! फिक्का, दुधाखाली पार दबलेला. त्या पानाचा काही दोष नाही, ते दुधासाठी बनवलेलंच नव्हतं. तेव्हा दुधाच्या चहाला सातशे-आठशेच्या पुढे पैसे घालू नयेत असं माझं मत झालंय, आणि आलं ठेचून, गवती चहाची पात टाकून उकळणार असाल तर पाचशेवालाच घ्या, आल्यापुढे त्या नाजूक चवी टिकत नाहीत.

त्या ३२० च्या पावडरीबद्दल अजून एक. ती तळहातावर घेऊन उजेडात बघा, लालसर काड्या आणि तंतू दिसतील. हा देठाचा भाग, त्यात कस नसतो, मग आपण चमचा वाढवून टाकतो. आमच्याकडे तिची चव यायला साडेतीन ग्रॅम लागली, म्हणजे कपाला १ रुपया १२ पैसे, बचत झाली आठ पैशांची. आणि रंग फारच भसकन येत असेल तर टिपकागदावर चिमूटभर पावडर टाकून बघावी, वरून थोडं पाणी शिंपडायचं आणि मग कागद नळाखाली धुवायचा, कृत्रिम रंग असेल तर डाग दिसतो. एफएसएसएआयनेच, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच, ही घरगुती टेस्ट सांगितलेली आहे.

बऱ्याच जणांचा समज असतो की डस्ट म्हणजे झाडून गोळा केलेला कचरा. तसं नाहीये. सीटीसीमध्ये पान दातेरी रोलरमधून जातं, चिरडलं जातं, फाटतं आणि वळून त्याचे दाणे होतात, मग चाळण्या लावून जाड, मध्यम, बारीक असे प्रकार वेगळे काढतात. बीओपी, बीपी, पीएफ, डस्ट ही सगळी त्या आकाराची नावं. बारीक दाण्याचा रंग आणि कडकपणा पटकन उतरतो म्हणून टपरीवाले आणि हॉटेलवाले डस्ट घेतात, त्यांना मिनिटात किटली भरायची असते. चांगल्या बागेची डस्ट वाईट बागेच्या जाड दाण्यापेक्षा कितीतरी सरस असू शकते. जाड दाण्याला वास-चव जास्त पण वेळ द्यावा लागतो, म्हणून ते अर्धं अर्धं मिक्श्चर, आपल्याकडच्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या जिभेवरून बसवलेलं गणित आहे ते आणि मला ते फार आवडतं. कुठल्याही छापील पाकिटापेक्षा असा दुकानदार बरा, जो विचारतो की दूध किती घालता, पाणी बोअरचं की नळाचं.

पाण्याचं खरंच महत्त्व आहे हो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की त्याच पावडरीचा चहा मळकट दिसतो, वर एक तवंग येतो, आणि ती साय नसते. पावडर तीच, दुकान तेच. टँकरमधून येतं ते बोअरचं जड पाणी, त्यातल्या कॅल्शियममुळे तसं होतं. अशा वेळी महाग पावडर आणणं म्हणजे पैसे वाया, चहापुरतं आरओ फिल्टरचं पाणी घ्या.

आता कोऱ्या चहाकडे येतो, इथे मात्र माझं म्हणणं उलट आहे. सिलिगुडीहून सुट्टीच्या दिवशी आम्ही वर कर्सियांग, दार्जिलिंगला जायचो. मार्च-एप्रिलमधली पहिली तोड, फर्स्ट फ्लश, हिरवट-पिवळसर, फुलासारखा वास. मे-जूनमधली दुसरी तोड, सेकंड फ्लश, तांबूस आणि त्याला द्राक्षासारखा एक गंध असतो त्याला मस्कटेल म्हणतात, आणि गंमत म्हणजे तो वाढतो तुडतुड्यांनी पान चावल्यामुळे, झाड त्या चाव्याला जे उत्तर देतं त्यातून. शेतकऱ्याच्या घरातला माणूस मी, तुडतुडा दिसला की फवारणी एवढंच माहीत, तिथे एक सुपरवायझर कौतुकाने मला ते किडलेलं पान दाखवत होता.

हा सेकंड फ्लश आज बरा घ्यायचा तर १०० ग्रॅमला तीनशे रुपये, म्हणजे किलोला तीन हजार. ऐकूनच लोक नको म्हणतात. पण कपाला अडीच ग्रॅम म्हणजे साडेसात रुपये, त्यात दूध नाही, साखर नाही, आणि तीच पानं दुसऱ्यांदा वापरता येतात, दुसरा कप थोडा हलका पण छान लागतो. म्हणजे कप पावणेचार रुपयाला पडला, आपल्या दुधाच्या चहापेक्षा स्वस्त! फक्त उकळायचा नाही. पाणी उकळलं की गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, पानांवर ओता, झाकण, तीन मिनिटं, गाळा. उकळलात तर तीन हजाराचं पान कडू काढा होऊन बसेल. आणि एवढेही नको असतील तर निलगिरीचा ऑर्थोडॉक्स बघा, हजाराच्या आत चांगला मिळतो, कपाला सव्वादोन-अडीच रुपये, लिंबू पिळून प्यायला त्याच्यासारखा दुसरा नाही. कोऱ्या चहाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हाच देतो.

आणि सगळ्यांत जास्त पैसे कुठे जातात सांगू का, टी बॅगमध्ये. सूनबाईंनी ग्रीन टीचा डबा आणला होता, २५ बॅगा, १७० रुपये. मी डब्यावरचं वजन बघितलं, साडेबत्तीस ग्रॅम. म्हणजे किलोला पाच हजाराच्या वर भाव झाला! आणि एक बॅग फाडून बघितली तर आत भुकटी. बाराशे रुपये किलोचं सुटं हिरवं पान मी आणून दिलं, दोन ग्रॅमला दोन रुपये चाळीस पैसे, ते डोळ्यासमोर उमलतं आणि पुन्हा वापरता येतं. तिला आता तेच आवडतं. एका बॅगेच्या त्या पावणेसात-सात रुपयांत आपण कागद, दोरा, पुठ्ठा आणि जाहिरात विकत घेत होतो. ऑफिसात सोय म्हणून एखादी बॅग ठीक, घरी कशाला?

दुसऱ्या टोकाला ते सोन्याच्या भावाचे चहा, डिसेंबर २०२१ मध्ये गुवाहाटीच्या लिलावात आसामचा मनोहारी गोल्ड किलोला ९९,९९९ रुपयांना गेला होता. जरूर जावा, बागेचं नाव होतं. आपल्या स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नाही.

पण स्वस्त चहाची एक बाजू आपल्याशी संबंधित आहे. एक किलो पावडर व्हायला साडेचार किलोच्या आसपास हिरवं पान लागतं, आणि चांगला माल हवा तर दोन पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं, हे काम बहुतेक बायकांच्या हातचं. आसामच्या ब्रह्मपुत्र खोऱ्यात ऑक्टोबर २०२३ पासून रोजची मजुरी २५० रुपये झाली, त्याआधी ती याहूनही कमी होती. मी उतारावर उभ्या त्या बायका पावसात पाठीला टोपली लावून बघितल्यात. तेव्हा किलोला पन्नास रुपये वाढले की आपण लगेच आरडाओरडा करतो ते मला बरं वाटत नाही.

गिऱ्हाईक म्हणून माझी खरी तक्रार भावाबद्दल नाही, माहितीबद्दल आहे. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन 'ताजा फर्स्ट फ्लश' म्हणून १०० ग्रॅमला साडेसातशे रुपये दिले, उघडला तर वाळक्या गवताचा वास. पाकिटावर पॅकिंगची तारीख होती महिन्याभरापूर्वीची, पण पान तोडलं कधी याचा उल्लेखच नव्हता, मागच्या वर्षीचंही असेल. विचारलं तर उत्तर नाही. मोठमोठ्या पाकिटांवर 'निवडक बागांमधला' असं लिहितात, कुठल्या बागा, कुठला प्रांत, आसाम की डुआर्स की निलगिरी, मे-जूनची तोड की पावसाळी, काही नाही. आणि फरक इथेच असतो, पावसाळ्यात पान भराभर येतं, माल उदंड आणि कस कमी. दार्जिलिंगच्या नावाला २००४ मध्ये देशातलं पहिलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, म्हणजे ते नाव जपायचा कायदा आपल्याकडे आहे. मग साध्या चहाच्या पाकिटावर प्रांत, ग्रेड आणि तोडीचा महिना एवढ्या तीन गोष्टी छापायला काय हरकत आहे? टी बोर्डाने आणि एफएसएसएआयने हे सक्तीचं करावं अशी माझी मागणी आहे आणि ग्राहक संघटनांनीही ती उचलून धरावी.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. रोज मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे भाव तुम्ही छापता, तसे महिन्यातून एकदा चहाच्या लिलावांचे भाव छापा, गुवाहाटी, सिलिगुडी, कोलकाता, कुन्नूर. म्हणजे दुकानदार 'वरूनच महाग झालाय' म्हणाला तर आम्हाला बघता येईल किती.

आणि आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींना जाहीर सांगतो, तो दोन किलोचा पॅक घेऊ नका. उघडलेल्या पावडरीचा वास महिन्या-दीड महिन्यात उडून जातो, शेगडीवरच्या फळीवर मसाल्यांशेजारी ठेवली तर त्याआधीच. पाव किलो आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. येत्या रविवारी चार पावडरींचा तो प्रयोग आमच्याकडे पुन्हा करतोय, पातेली आमची, दूध ज्याने त्याने आणावं.

आपला,
एक जुना वाचक, सिंहगड रस्ता, पुणे