चिपा पाठवतोय, मोजून बघ

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. राणी,
अनेक आशीर्वाद.

टूल पोलाद कापतं आणि चिप, म्हणजे धातूची सोललेली कात्रण, सुटते, हे कॉम्प्युटरवर गणितानं उभं करून तू केलेला व्हिडिओ शॉपमध्ये सगळ्यांनी बघितला. लेथवरचे मामा म्हणाले, "रंगपंचमीच की ही!" त्यांना म्हटलं, हे तापमानाचे रंग. तर म्हणाले, आपली चिप निळी पडते ती काय वेगळं सांगते?

मी मात्र तुझ्या एका वाक्यापाशी अडलो. "घर्षणाचा आकडा कमी केला आणि बल डायनॅमोमीटरशी जुळलं." म्हणजे कॉम्प्युटरचं बल कापताना यंत्रावर मोजलेल्या बलाशी जुळलं. अगं, असं जुळवायला बसलं तर काहीही जुळतं.

जॉन्सन-कुकचं ते १९८३ चं समीकरण तूच मला समजावलंस. धातू किती दबला, किती वेगानं, किती तापला, यावरून त्याची ताकद सांगणारं, पाच स्थिरांकांचं. पण ते काढले कशावर? यूटीएमवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, तुकडा सावकाश ओढून तोडतात. टूलच्या टोकाशी तेच काम सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत उरकतं. हॉपकिन्सन बारवर, म्हणजे दांड्यानं झटका देऊन केलेल्या चाचणीत, वेग पुष्कळ वाढतो, तरी कटिंगला गाठत नाही. शिवाय ज्याच्यावर आकडे काढले तो ईएन ८ (आपल्या पोलादाची जात) नॉर्मलाइज्ड, म्हणजे तापवून हवेत थंड केलेला, होता की कोल्ड ड्रॉन, म्हणजे थंडच ओढून कडक झालेला? एकाच नावानं आलेले दोन बार आपल्याकडे दोन तऱ्हेनं टूल खातात. (बीड, म्हणजे ओतीव लोखंड, घेतलं नाहीस ते बरं केलंस. ते ग्राफाइटच्या पापुद्र्यांवर तुटतं, चिप कसली, चुराच. त्यात एखाद्या ओतकामात हार्ड स्पॉट निघाला की टूलची टिप गेली. मागच्या महिन्यात चार गेल्या, भरपाई शून्य.)

म्हणून बलाबरोबर चिपची जाडीही बघ. तुझ्याच बारच्या उरलेल्या तुकड्याला भोक पाडून नळी केली आणि तिचं तोंड तुझ्याच वेगानं, ०.२ फीडनं, म्हणजे दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर पुढं सरकत, कापलं. चिप मायक्रोमीटरवर ०.५ मिलिमीटर जाड भरली. तुझ्या कॉम्प्युटरवर ती ०.३५ आहे. बल बरोबर आणि चिप पातळ (घर्षण कमी धरलं की ती पातळच निघते), म्हणजे पोलाद कागदावर जास्त कडक धरलंय आणि ती चूक घर्षण कमी करून झाकली गेलीय, असा माझा अंदाज. चुकतही असेन. आधी स्थिरांक तपास, घर्षणाला नंतर हात लाव.

तीन वेगांच्या चिपा तीन पुड्यांत बांधून एसटीनं पाठवतोय, वर आकडे लिहिलेत. त्याच डब्यात आईची कांदा-लसूण चटणी आहे. पुड्या तेलकट आहेत, आधी त्या बाहेर काढ.

तुझा,
बाबा