महेबूर्गच्या तांतिन यांस जाहीर आभार

आदरणीय तांतिन,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही. किनाऱ्यावर सगळे आपल्याला तांतिन, म्हणजे मावशी, म्हणत होते, म्हणून त्याच नात्याने लिहिते आहे. पत्र मराठीत आहे, कारण मॉरिशसच्या मराठी घरांनी आणि महाराष्ट्रातील आमच्या आप्तांनी आपल्याविषयी वाचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

'वाकाशियो' हे मालवाहू जहाज 25 जुलै 2020 रोजी मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील पॉइंट द'एस्नीजवळच्या प्रवाळभिंतीवर चढले आणि 6 ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले. समुद्र खवळलेला होता, असे कारण ज्यांच्यावर जबाबदारी होती त्यांनी दिले, आणि ते खोटे नसेलही. परंतु मधल्या दिवसांत किनाऱ्यावर पुरेसे तरंगते अडथळे तयार ठेवायला त्या समुद्राने कोणाचा हात धरला नव्हता. सुमारे 1,000 टन तेल लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ समुद्रात, पसरले. जवळच ब्लू बेचे प्रवाळ, किनाऱ्याची खारफुटी आणि ईल ओ एग्रेत हे लहानसे बेट होते. 1990च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलेली गुलाबी कबुतरे ज्या थोड्या ठिकाणी पुन्हा नांदू लागली, त्यांपैकी हे एक. तिथले आबनुसाचे रानही अनेक वर्षे परकी झुडपे उपटून आणि रोपे लावून राखलेले आहे.

मग माणसेच पुढे झाली. तेल अडवायला घरगुती तरंगते अडथळे करायचे म्हणून सलूनमधून केस आले, शेतांतून उसाचे पाचट आले. ज्या उसासाठी कोकणातले आमचे पूर्वज गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, या बेटावर आणले गेले, त्याचेच पाचट आपण कापडी पिशव्यांत ठासून भरत होता आणि दाभणाने तोंड शिवून टाकत होता. माझी आई आपल्याशेजारी बसून शिवत होती. सायंकाळी तिच्या बोटांच्या पेरांत काळे तेल इतके मुरले होते, की साबणाने काही निघेना. तेव्हा आपण घरून आणलेली खाद्यतेलाची बाटली उघडलीत, तिचे हात आपल्या मांडीवर घेतलेत आणि एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत, फडक्याने पुसून काढलेत. आपले स्वतःचे हात तोवर तसेच काळे होते.

त्या दिवसांत पुष्कळांनी पुष्कळ केले, आणि त्या सर्वांचे ऋण या देशावर आहे. तरीही आई आजही बोलते ती आपल्याविषयीच. कोणी बोलावले नसताना येणे, काम करणे आणि शेजारच्या थकलेल्या बाईकडे लक्ष ठेवणे, एवढा भलेपणा ज्या किनाऱ्यावर आहे तिथल्या लोकांना निर्णयाच्या वेळी विचारले जात नाही, याचे मला अजून फार वाईट वाटते.

आम्ही गणपतीचे विसर्जन याच समुद्रात करतो. यंदाच्या चतुर्थीला आपण आमच्या घरी जेवायला यावे, असा आईचा आग्रह आहे. हे पत्र वाचून आपल्याला ओळखणाऱ्या कोणी तो निरोप आपल्यापर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
शेजारी बसून शिवणाऱ्या बाईंची मुलगी