सूचना : धडगावला निघालेल्या आपल्या मुलीसाठी

सर्व सभासदांना राम राम.

धुळ्यात शिकणारी आपली सभासद येत्या शनिवारी सकाळच्या एसटीने शहाद्यामार्गे धडगावला निघत आहे. सातपुड्यातले पावरा आणि भिल शेतकरी आपल्या कसत्या जमिनीचे वनहक्क दावे पुन्हा तयार करत आहेत. कागदपत्रं लावायला ती महिनाभर ग्रामसभेसोबत राहील.

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त 4 हेक्टर, नावावर होऊ शकते. पुरावा म्हणून ती जमीन कसल्याबद्दल वनखात्याने कधीकाळी फाडलेली दंडाची पावतीसुद्धा चालते. जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. घडीवर विरलेल्या, शाई उडालेल्या त्या पावत्या सरळ करून त्यांची झेरॉक्स काढणं हे तिचं मुख्य काम. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही, हे कलम 4(5) मध्ये स्पष्ट आहे. ते कलम मराठीत छापून प्रत्येक पाड्यावर द्यायचं आहे.

1972 पासून शहादा भागात भिल आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतींसोबत आदिवासी आपल्या जमिनींसाठी उभे राहिले. त्याच मातीतलं हे काम आहे, म्हणून कळकळीने सांगतो, हात आखडू नका.

झेरॉक्सचा खर्च, पॉवर बँक, टॉर्च आणि प्लॅस्टिकच्या फायली हव्यात. पावरी बोलणारं कुणी दोन दिवस सोबत गेलं तर फारच बरं. गुरुवार संध्याकाळपर्यंत खजिनदारांकडे द्यावं. फोटो मात्र ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुणीही पुढे पाठवू नयेत.